उंबऱ्यातला तांब्या

भादवा निघाला की पालिकेची माणसं आमच्या डिंडोलीच्या गल्लीत पांढरी पावडर टाकत येतात. गटाराच्या कडेकडेनं, दोन्ही बाजूंना सरळ रेघ. नातवंडांना त्याची गंमत वाटते, ती त्या रेघेवरून एकापुढे एक पाऊल टाकत चालतात. मी खिडकी लावून घेतो. सून म्हणते, "बाबा, उकडतंय की." उकडू दे. तो वास नाकात गेला की माझा हात आपोआप तोंडाकडे जातो, फडकं वर ओढायला. फडकं नसतंच. मग मी मिशीवरून हात फिरवून घेतो, म्हणजे कोणाच्या लक्षात येऊ नये.

प्लेगला आता पाच वर्षं होतील. सुरत शहर त्यानंतर धुऊन काढलं, रस्ते रुंद झाले, बाहेरगावचे लोक येऊन बघून जातात आणि आमचे लोक छाती काढून दाखवतात. मीही पाहुण्यांना दाखवतो. ज्या वॉर्डात मी तीस वर्षं नोकरी केली, त्याच्यासमोरून मात्र जात नाही. उधन्याला जायचं असलं तरी लांबचा वळसा घेतो. रिक्षावाले म्हणतात, काका, सरळ जाऊ ना. मी म्हणतो, तू चालव.

मी सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. पन्नाशी उलटली, मिशा पिकल्या, नात झाली, तरी बॉयच. आमच्या वॉर्डाचा झाडूवाला रमणभाई मला म्हणायचा, "काका, तमे रिटायर थशो त्यारे मॅन थशो!" शिक्षण चौथीपर्यंत, तेही तापीकाठच्या आमच्या गावातल्या शाळेत, जिथं मास्तर कमी आणि बकऱ्या जास्त यायच्या. पण पलंगावरच्या चादरीचा कोपरा मी असा दुमडायचो की मोठ्या सिस्टर नव्या मुलींना तो बघायला बोलवायच्या. रोग्याला कुशीवर कसं वळवायचं, की त्याला वाटावं आपण आपणच वळलो, हे मला कोणी शिकवलं नाही आणि मला कोणी विचारलंही नाही. माझ्या कामाचा मला अभिमान होता. आजही आहे. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या अभिमानानंच केलं.

त्या वर्षी पुराचं पाणी उतरून गेलं होतं आणि गाळाचा वास अजून भिंतींत होता. गणपती बुडवले. त्यानंतर दोन-तीन दिवसांत शहरात जे सुरू झालं ते मला आधी कानांनी कळलं. आमच्याकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा खटका चोवीस तास. पाळण्यातलं पोर त्यावर झोपतं, म्हातारा त्यावर मरतो. एका सकाळी चहा पिताना मला वाटलं, माझे कान गेले. पांडेसरा, बमरोली, उधना, सगळीकडचे कारखाने गप्प. कावळा ओरडला तेवढाच आवाज. मग गल्लीतून माणसं निघाली, डोक्यावर गाठोडी, तोंडावर रुमाल, रुमालात कापराची वडी. सगळी स्टेशनकडे. खानदेशातून जी गाडी आम्हाला इथं घेऊन आली, तीच आता परत न्यायला कमी पडत होती. माणसं डब्याच्या टपावर बसली. माझा मुलगा, सून आणि दोन नाती त्यातच गेली. गावानं त्यांना वेशीबाहेरच्या शाळेत ठेवलं, जवळचं कोणी जवळ आलं नाही, भाकरी दुरून सरकवली. हे मला नंतर कळलं.

कौतिकबाई, माझी बायको, गेली नाही. मुलानं हात जोडले. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मी कोठे जाऊ? यास्ले भाकरी कोन दी?" हट्टात ती माझ्या वरचढ. तिचं माहेर आमच्या गावापासून दोन कोसांवर, आणि त्या शिवारातल्या जमिनीतच तो हट्ट असावा.

वॉर्डातली अर्धी माणसं येईनाशी झाली. गेले त्यांना मी आज नावं ठेवत नाही. तेव्हा ठेवली होती, मोठ्यानं. रमणभाई राहिला. त्याला म्हटलं, "तू का नाही पळालास?" म्हणाला, "मरवानुं ज छे तो चा पीने मरीए ने!" आणि खरंच, दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी विटांवर पातेलं ठेवून तो रोज चहा करायचा. आम्ही दोघं एकमेकांपासून चार हात लांब बसून तो प्यायचो. फडकं खाली, घोट, फडकं वर. बोलणं नाही. रमणभाईसारखा बडबड्या माणूस गप्प बसला की किती भीती वाटते हे मला तिथं कळलं. मोठ्या सिस्टर येता-जाता एकच विचारायच्या, "खाना खाया?" आम्ही दोघं खोटं हो म्हणायचो.

पहिल्या दिवशी मी घरी आलो तर दाराच्या उंबऱ्यात पाण्यानं भरलेला तांब्या होता आणि त्यात निंबाचा टहाळा.

आमच्याकडे हे कधी ठेवतात ते सांगतो. माणूस मसणात जाऊन आला, कोणाला जाळून आला, की त्यानं दारातच पाय धुवायचे, निंबाचं पान चावून तोंड कडू करायचं, आणि मगच आत यायचं. एरवी त्या तांब्याला उंबऱ्यात जागा नाही. मी तो पाहिला आणि डोकं फिरलं. दिवसभर मी जिवंत माणसांना पाणी पाजत होतो, गोळ्या गिळवत होतो. त्यातली काही उठून बसली होती. आणि माझ्या घरी माझं स्वागत मसणातून आल्यासारखं?

"मी काय मसनमाईन उनू का?" मी ओरडलो. मला आठवतं त्याप्रमाणे मी लाथ मारली नव्हती, पायानं सरकवला होता. पण तांब्या गडगडत गटारापर्यंत गेला, हेही खरं आहे.

कौतिक दारात उभी होती. म्हणाली, "निंब चांगला ऱ्हास. मी म्हंतं, तेवढंच."

"दवाखान्यात साबण आहे, डेटॉल आहे. तू मला निंब शिकवतेस?"

ती खाली उतरली. गटारातून तांब्या उचलून आणला, राखेनं घासला, फळीवर पालथा घातला. दुसऱ्या दिवसापासून उंबरा कोरडा. त्याच दिवसापासून मी माझी वळकटी बाहेरच्या ओट्यावर, पत्र्याखाली टाकली. मी म्हटलं, तुला लागण नको. ते खरं होतं. पण रागही होता, आणि दोन्हींतलं कोणतं किती हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. ती आतून ताट सरकवायची. मी खाऊन धुऊन परत सरकवायचो. बत्तीस वर्षांच्या संसारात आमचं एवढं कमी बोलणं कधी झालं नव्हतं. सगळी गल्ली कुलपात होती आणि ज्या एका घरात दोन माणसं होती, तिथं मधे दार होतं.

हात धुण्याचं तेव्हाच सुरू झालं. दवाखान्यात धुवायचे ते धुवायचेच, पण घरी येऊनही मी नळाखाली बसायचो. बोटांच्या बेचक्यातली साल निघाली. तरी मला वाटायचं, वास येतो. हातानं भाकरी मोडवेना. मी चमच्यानं भाकरी खायला लागलो. दुधात कुस्करायची आणि चमच्यानं. माझ्या बापानं पाहिलं असतं तर हसून मेला असता. कौतिक दाराआडून बघायची. ती हसली नाही.

सुपडू आला तो या दिवसांत.

चाळिशीचा असेल. बमरोलीला लूमवर कारागीर. घरचं कोणी इथं नव्हतं, म्हातारी आई आणि भाऊ गावाकडे. ताप, खोकला, डोळे लाल. मी पाणी पाजताना सवयीनं "घे बापा, दमानं" म्हणालो आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"आबा, तुम्ही खानदेशना शेतस?"

"शे ना. तू कोठला?"

गाव सांगितलं. आमच्या गावापासून तापीच्या वरच्या अंगाला, सहा कोस. त्याच्या गावच्या डोहाचं पाणी आमच्या घाटावरून वाहत इथं सुरतेला येतं. मी म्हटलं, म्हणजे तू आमचं पाणी आधी उष्टं करतोस. तो हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि मी दोन पावलं मागे सरलो. त्यानं ते पाहिलं. 

दोन दिवसांत गोळ्यांनी त्याचा ताप थोडा उतरला. उतरताच त्याला गावाचं वेड लागलं. वॉर्डातून रोगी पळत होते म्हणून दाराशी मला बसवलं होतं, लोखंडी स्टूल आडवं टाकून. सुपडू भिंत धरत धरत दारापर्यंत आला.

"आबा, माले जाऊ द्या ना. गाडी सरळ मना गावले जास. मनी माय वाट दखी ऱ्हायनी व्हई."

"जाय, पलंगवर जाय."

"तुम्हीन आपला मानूस शेतस म्हनीसन म्हंतं. दुसराले म्हंतं नसतं."

"म्हणूनच सांगतो. डब्यात शंभर माणसं असतील. पोरं असतील."

तो खाली बसला, माझ्या स्टुलाशी. म्हणाला, "इतलं बोलतस, तोंड तरी दखाडा." मी फडकं काढलं नाही. सिस्टरांचा हुकूम होता आणि मला भीतीही होती. त्याऐवजी मी बोललो. जे बोलायला नको होतं ते.

"बरा व्हय. मी सोता तुले गाडीमा बसाडसू. शबद शे मना."

त्याला दारात अडवलं, याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा अडवीन. पण शब्द कोणी मागितला होता? तो मागत होता गाडी. शब्द मी माझ्या तोऱ्यात दिला. मोठे डॉक्टर सुद्धा "बघू" म्हणत होते, आणि मी, चादरीचे कोपरे दुमडणारा, शब्द देत होतो. सुपडूनं तो घेतला, उठला, आणि शहाण्या पोरासारखा जाऊन पलंगावर पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची वेळ होती. मी त्याला कुशीवर वळवला तेव्हा तो आपण वळला नाही.

त्याच्या गावी तार केली, पण तिथून इतक्यात कोणी येणार नव्हतं. प्रेतं गाडीतून नेणारी माणसं होती, त्यांचं काम ती करत होती. मी म्हटलं, मी जातो बरोबर. सिस्टर म्हणाल्या, तुमची ड्यूटी नाही. मी म्हटलं, माहीत आहे. रमणभाईनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या जागी स्टुलावर जाऊन बसला.

तापीचा काठ. पाणी गढूळ, पुराचा कचरा अजून झाडांच्या फांद्यांना लटकलेला. पेटवायला जवळचं कोण, असं विचारलं. मी पुढे झालो. ज्या माणसानं माझं तोंड पाहिलं नाही, त्याला मी अग्नी दिला. वरून पाणी येत होतं, त्याच्या गावाकडून माझ्या गावावरून इकडे, आणि पुढे समुद्राकडे चाललं होतं. उलटं जाणारं काहीच नव्हतं.

त्या दिवशी ऊन होतं, भादव्याचं, टाळूत घुसणारं. मी चालत घरी आलो. साऱ्या रस्त्यावर ती पांढरी पावडर, आणि तिच्यावर माझ्या एकट्याच्या पावलांचे ठसे. दारात आलो आणि थांबलो.

उंबरा कोरडा होता.

मीच कोरडा केला होता. आत कौतिक चुलीपाशी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. एवढंच म्हणायचं होतं की आज खरंच तिथून आलो आहे, तांब्या ठेव. चार शब्दांचं काम. मी तिथं उन्हात किती वेळ उभा होतो कोण जाणे. पाय भाजले. मग मी म्हणालो, "पाणी."

ती पितळी पेला भरून घेऊन आली. तिला वाटलं प्यायला. मी तो घेतला आणि तिच्यादेखत पायांवर ओतला. थोडं पाणी, एका पायाला पुरलं, दुसऱ्याला नाही. तिनं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेला घेतला आणि आत गेली. मला वाटलं, तिला कळलं. कळून बोलली नाही, असं मी धरून चाललो. निंबाचं पान मात्र चावलं नाही. तोंड कडू न करता मी ओट्यावर जाऊन बसलो, आणि खरं सांगायचं तर तिथून अजून उठलो नाही.

महिनाभरानं लूम पुन्हा सुरू झाले, मुलं परत आली, वळकटी आत गेली. दवाखान्यात आम्हाला उभं करून टाळ्या वाजवल्या, एक कागद दिला. तो कागद पेटीत आहे. झोप येते का, जेवण जातं का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? खोकल्याचा आवाज आला की मी सिनेमातून उठून जातो, नातीला पडसं झालं की तिला जवळ घेत नाही, हे काय सांगायचं दुखणं आहे का? दुखणं म्हणजे ताप, पू, हाड. एवढंच मला माहीत. रमणभाई वर्षभरानं वॉर्डात शिरेनासा झाला. बागेत बदली मागून घेतली. एकदा मला म्हणाला, "काका, झाडवां उधरस नथी खातां." झाडं खोकत नाहीत. एवढं बोलून पुन्हा पाईपनं पाणी घालत बसला. आम्ही दोघं एकमेकांचे सोबती, पण एकमेकांना बघितलं की तेच आठवायचं, म्हणून भेटणं कमी केलं.

आणि एक सांगायचं राहिलं. सुपडूचा भाऊ आला होता. गाड्या सुरळीत झाल्यावर, म्हाताऱ्या आईनं दिलेली कसलीशी पुरचुंडी घेऊन. माझा भाऊ कुठं, शेवटी काय बोलला, जवळ कोण होतं, असं विचारत होता. मी चादरींच्या खोलीत होतो. आवाज ओळखला, बोली ओळखली. आतून कडी लावली आणि घड्या घातलेल्या चादरी पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घालत बसलो, तो जाईपर्यंत. जो माणूस प्लेगाला भिऊन पळाला नाही, तो पुरचुंडीला भ्याला.

काल आमच्याकडे पित्तर होतं. खीर, कढी, वडे. गोवरीच्या निखाऱ्यावर वाडवडिलांच्या नावानं तूप आणि घास टाकतो, आमच्याकडे त्याला आगारी म्हणतात. बापाचा घास, आईचा, आजोबाचा, आजीचा. आणि मग एक अजून, नाव न घेता. दर वर्षी टाकतो. लेकरं धुराकडे बघत असतात, घास कोण मोजतो?

कौतिक मोजत होती. पाच वर्षं मोजत होती. काल म्हणाली, "हाऊ पाचवा घास कोनासाठे शे?"

"असाच."

"आसाच घास नही ऱ्हास."

निखाऱ्यावरचा वडा करपत होता. मी चिमट्यानं तो उगाच इकडे तिकडे केला. मग सांगितलं. सुपडूचं गाव, स्टूल, शब्द, तापीचा काठ, चादरींची खोली. सगळं आगारीकडे बघत सांगितलं, तिच्याकडे नाही. शेवटी त्या दिवसाचं सांगितलं, दारातलं, पेल्याचं. म्हटलं, "तुला तर कळलंच होतं."

तिनं चिमटा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "माले काय कळनार? माले वाटनं, तुम्हीन मनं पानी फेकी दिनं. तांब्या फेका तसा पेला फेका." तिनं डोळ्याला पदर लावला नाही, ती तसली नाही. "पाच वरीस मी तेच धरीसन बसनू."

मी पाच वर्षं समजत होतो की तिला कळलं आणि ती गप्प राहिली. ती समजत होती की मी तिला दुसऱ्यांदा लाथाडलं. एका पेल्याचं पाणी.

ती उठली. फळीवरून तांब्या काढला. तोच, एका बाजूला पोचा पडलेला. घरामागच्या झाडाशी गेली, निंबाचा टहाळा तोडून आणला, पाण्यात घातला आणि उंबऱ्यात ठेवला. सून घाबरली, म्हणाली, "आई, कोण गेलं?" कौतिकनं तिकडे लक्षच दिलं नाही. मला म्हणाली, "भाईर व्हा."

"आता? या वयात नाटकं?"

"भाईर व्हा म्हंतं ना."

मी चपला घातल्या. भर दुपारी गल्लीतून निघालो, त्या पांढऱ्या रेघेच्या कडेनं, पानाच्या टपरीपर्यंत. टपरीवाल्यानं विचारलं, काका, क्यां चाल्या? मी म्हटलं, घरी. आणि वळलो. लूम खटखटत होते. दारात सगळं घर गोळा झालं होतं, नाती, सून, शेजारीण. ती मधे उभी होती, कमरेवर हात.

मी आधी उजवा पाय धुतला, मग डावा. तांब्यात पाणी पुष्कळ होतं. पान तोडलं, दाताखाली धरलं. कडू इतकं की डोळ्यांत पाणी आलं. हातांना साबण लावला नव्हता आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

"नीट चावा. तसंच थुंकू नका."

"माहीत आहे मला."

"माहीत शे, तरी सांगस."

मी चावलं. ती उंबऱ्यातून बाजूला सरली.

"या आता," ती म्हणाली.